पऱ्हाटीचं तेल

19 जानेवारी, वर्धा
तेलाच्या प्रयोगासाठी कापसाच्या पऱ्हाट्यांची ट्रॉली आली. किडकी बोंडं तशीच लटकलेली. एक फोडलं, तर दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मधे गुलाबी अळी दडून बसलेली. हंगाम लांबवून फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वावरात ठेवू नका, असं दरवर्षी सांगतात ते हिच्यापायीच. मग लोक धुऱ्यावर ढीग करून काडी लावतात.

23 जानेवारी
भट्टी 500 अंशांवर, नायट्रोजन चालू, पऱ्हाटीचा वाळवलेला भुसा आत. हवा नाही म्हणून पेट घेत नाही, नुसता फुटतो. वाफ दोन सेकंदांच्या आत गार केली, की गडद तपकिरी द्रव. याला तेल म्हणणं म्हणजे औदार्यच. त्यात पाणी भरपूर, आम्ल इतकं की लोखंड खाईल, डिझेलमध्ये मिसळत नाही, बाटलीत ठेवलं तर घट्ट होत जातं. उष्मांक डिझेलच्या निम्म्याहून कमी. सगळा घोळ ऑक्सिजनचा.

28 जानेवारी
आज भुशातच झेडएसएम-5 च्या गोळ्या मिसळल्या. या झिओलाइटची छिद्रं जेमतेम साडेपाच अँगस्ट्रॉमची. ऑक्सिजन पाणी होऊन, कार्बनचे वायू होऊन निघून जातो. मागे टोल्यूइन, झायलीन. वरच्या थराला चक्क पेट्रोलपंपाचा वास! पण थर केवढा, बोटभरही नाही. ऑक्सिजन जाताना कार्बनही घेऊन जातो, त्याला काय करणार. ‘कचऱ्यातून पेट्रोल’ म्हणणाऱ्यांनी एकदा वजनकाट्यापाशी उभं राहावं.

3 फेब्रुवारी
गोळ्या चाळून काढल्या. पांढऱ्याच्या काळ्याकुळकुळीत झाल्यात. हवा सोडून 550 अंशांवर कोक जाळला, परत पांढऱ्या. एक फोडून पाहिली, आतूनही साफ. पण राखेतलं पोटॅशियम जळत नाही, ते गोळ्यांतल्या, ऑक्सिजन काढणाऱ्या आम्लाच्या जागा धरून बसतं. पऱ्हाटी आधी धुवा, हा पुस्तकी उपाय. इथं मे महिन्यात टँकरच्या पाण्यानं काड्या धुवायच्या? गोळ्या वेगळ्या नळीत ठेवून तिथं फक्त वाफ न्यायची, कोळसा-राख अलीकडेच अडवायची, हे बरं.

अमेरिकेत मिसिसिपीतल्या कोलंबसला किऑर कंपनीनं लाकडापासून असंच इंधन करायचा कारखाना उभारला होता. 2014 मध्ये दिवाळं निघालं. मागे स्वच्छ पाइनची लाकडं असून ही गत.

9 फेब्रुवारी
पुढच्या ट्रॉलीसाठी पऱ्हाट्या देणाऱ्या शेतकरी काकाजींकडे गेलो. पैशाचं बोलणं त्यांनी काढलंच नाही. पऱ्हाटीबरोबर वावरातलं पालाशही जातं, हे त्यांनी आपलं आपण ताडलेलं. म्हणाले, “न्यायच्या असन तं न्या भाऊ, पण कोयसा वावरात आणून टाका.” हो म्हणालो. आता परतीच्या ट्रॉलीचं डिझेलही हिशेबात धरायला हवं.