सिडकोतली सावली

ऊन तापलंय, तरी एन-३ मधून चालताना डोक्यावर रुमाल टाकावासा वाटला नाही. दोन्ही बाजूंनी गुलमोहर आणि कडुनिंब ओणवलेले. १९७२ मध्ये सिडकोकडे तेव्हाच्या औरंगाबादच्या विस्ताराचं काम आलं, तेव्हा इथे गावाबाहेरचा माळच होता. आखणी सरकारी, नावंही रुक्ष: एन-१, एन-२, एन-३. सावली मात्र रहिवाशांची. नोकरदारांनी कर्ज काढून घरं घेतली आणि फाटकाशी एकेक रोप लावलं.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच जुनं शहर, वसवलं आणि नहरींनी पाणी आणलं. आम्ही जायकवाडी धरणाच्या भरवशावर. नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं, तरी झाडं जगली कशी? एका कडुनिंबाच्या बुंध्याला गट्टू अगदी खेटून बसवलेत. मुळांनी ते उचकटलेत आणि त्या फटीत कुणीतरी मोरीच्या पाइपचं तोंड सोडलंय. धुण्याभांड्यांच्या पाण्यावर पोसलेलं झाड!

२००६ मध्ये सिडकोने वसाहत महापालिकेकडे सोपवली. आता बैठी घरं पाडून मजले चढताहेत आणि गाडी आत घ्यायला आधी झाडच आड येतं. गंमत म्हणजे, तीच मंडळी दुपारी गाडी लावायला शेजाऱ्याच्या झाडाची सावली शोधतात.