भीमेपलीकडचं मिशन

आमच्या वडगाव रासाईहून भीमा ओलांडली की शिरूर तालुका मागं राहतो आणि दौंड सुरू होतो. ऊस मात्र दोन्ही काठांवर सारखाच. त्या बाजूला केडगाव, आणि केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. आमच्याकडं त्याला नुसतं ‘मिशन’ म्हणतात.

माझी आजी मिशनमधल्या एका मड्डमची आठवण सांगायची. तिचा देश कुठला, धर्म काय सांगायची, हे आजीला ठाऊक नव्हतं. ती बाजारात मेथीची जुडी उलटी धरायची, मुळांची माती झटकायची आणि मग मराठीत भाव करायची, एवढंच आजीला आठवायचं. “आपल्यासारखीच घासाघीस करायची बघ,” असं म्हणताना आजीच्या बोलण्यात कौतुक असायचं. परक्या मुलखात सेवेला गेलेल्या माणसाला याहून मोठी पावती काय मिळणार, असं मला आता वाटतं.

मुक्तीत आलेल्या परदेशी बायकांमध्ये मिनी एब्रम्स हे नाव मला सगळ्यात जवळचं. ही अमेरिकन मेथडिस्ट बाई 1887मध्ये मुंबईला आली. मुलींच्या शाळेचं काम करता करता मराठी शिकली, कारण तिला खेड्यापाड्यांत जाऊन बायकांशी बोलायचं होतं. 1898मध्ये ती रमाबाईंकडं आली. तेव्हाचं केडगाव कसं असेल? 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन हाडांचे सापळे झालेल्या मुली घेऊन आल्या होत्या. रमाबाईंचं विधवा मुलींसाठीचं शारदा सदन पुण्यात होतं, पण तिथं प्लेग. मुलींना ठेवायचं कुठं, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय झाली. त्यांचे केस विंचरायचे, खरूज धुवायची, घासाघासानं भरवायचं, रात्री दचकून उठल्या की जवळ घ्यायचं. ही कामं करायला उमेद लागते, पण आधी ‘कुठं दुखतंय बाळा?’ एवढं तरी त्या पोरीच्या बोलीत म्हणता यावं लागतं. एब्रम्सबाई 1912 साली याच देशात वारल्या. त्यांनी लिहिलेलं एक छोटं पुस्तक मात्र दक्षिण अमेरिकेत चिलीपर्यंत गेलं. त्यांची एक जुनी वर्गमैत्रीण तिथं मिशनरी नवऱ्याबरोबर होती. त्या पुस्तकातून तिथं 1909 साली एक नवी चळवळ उभी राहिली. आमच्या भीमाकाठचा निरोप चिलीत पोचला, हे आमच्या गावात किती जणांना माहीत असेल?

रमाबाईंनी परदेशाची हीच वाट उलट्या बाजूनं आधीच तुडवली होती. 1883मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कानांनी साथ दिली नाही. वाँटेज इथं त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढं चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकल्या आणि संस्कृत शिकवलंही. आश्रय देणाऱ्या तिथल्या ख्रिस्ती जोगिणींचे उपकार त्या विसरल्या नाहीत, पण मानही तुकवली नाही. बाईनं पुरुषांना शिकवू नये, असं बिशपांनी म्हटल्यावर त्यांनी वाद घातला. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय वाईट, असंही त्यांनी विचारलं. परक्याच्या घरात राहून आपलं मत न सोडणारी ही बाई मला फार आवडते. सेवा करणाऱ्याचं ऐकून घेताना आपलं काय काय गमवावं लागतं, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं.

धर्मांतराचा प्रश्न मी टाळणार नाही. 1893 साली शारदा सदनावरून पुण्यात वादळ उठलं, ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. उपाशी मुलीच्या पुढ्यात अन्न आणि धर्म एकाच हातानं ठेवला, तर तिची संमती किती खरी मानायची? हे मला खटकतं, आणि खटकायलाच हवं. पण ज्या घरांनी विधवा मुलीचं केशवपन करून तिला कोपऱ्यात बसवलं, त्या घरांनी तरी तिला कधी काही विचारलं होतं? मुक्तीत तिला लिहायला-वाचायला मिळालं, छापखान्यात खिळे जुळवायला मिळाले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून त्यांनी साधे शब्द धरले, आणि त्या बायबलाचे खिळे जुळवणारे हात मुक्तीतल्या मुलींचेच होते. 1922मध्ये रमाबाई गेल्या. पुस्तक 1924मध्ये छापून निघालं.

हे सगळं आठवायला एक कारण घडलं. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका शाळेत परदेशातून एक मुलगी स्वयंसेवक म्हणून आली होती. वय विशीचं, मन निर्मळ. तीन आठवडे तिनं उन्हात उभं राहून भिंती रंगवल्या, हाताला फोड आले तरी ब्रश सोडला नाही. निघताना मुलं रडली, तीही रडली. पहिल्याच पावसात छप्पर गळलं, ओल उतरली आणि रंगाचे पोपडे निघाले. छप्पर गळतं हे शाळेतल्या पोरापोरांना ठाऊक होतं. तिला कुणी सांगितलं नाही, कारण तिला विचारता येत नव्हतं. ती पोर वाईट नव्हती, तिला आणखी दिवस मिळायला हवे होते. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात उतरलेल्या फादर स्टीफन्स यांनी असे दिवस दिले. 1579मध्ये ते आले, इथली भाषा इतकी आपली केली की मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, आणि 1619मध्ये गोव्यातच देह ठेवला.

आता आपल्याकडचीही मुलंमुली सेवेसाठी बाहेर निघतात. कुणी चर्चतर्फे जातं, कुणी एखाद्या संस्थेतर्फे, कुणी नर्स म्हणून. तुमच्या घरातलं कुणी असं निघालं, तर त्याची बॅग भरताना एकच विचारा: तिथल्या लोकांना “तुम्हाला काय हवंय?” असं त्यांच्या बोलीत विचारता येतं का? येत नसेल, तर जाणं सहा महिने पुढं ढकला आणि आधी ती बोली शिकायला बसवा.