वाघ दिसला नाही, पण बिबा उतला!

नरनाळ्याला निघालो तेव्हा आम्हा चौघांना भीती फक्त वाघाची होती. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पातला, म्हटल्यावर ते साहजिकच. वाघोबांनी काही दर्शन दिलं नाही. आमच्यातल्या एकाची विकेट काढली ती बोराएवढ्या एका फळाने!

जानेवारीतला वीकेंड. अकोल्याहून अकोट, पुढे शहानूर, गेटवर नोंदणी, सोबत गाइड. १४८७ सालचा महाकाली दरवाजा, त्यावरचं ते अफलातून कोरीवकाम, शक्कर तलाव, नऊगजी तोफ... नुसता फोटोंचा पाऊस. उतरताना मित्राला एक झाड दिसलं. पानं चांगली वीतभराहून मोठी, आणि फळ भलतंच क्यूट. अर्धं केशरी, अर्धं काळंभोर, चकचकीत. ‘काजूसारखं दिसतंय यार,’ म्हणत पठ्ठ्याने ते तोडलं आणि दगडाने ठेचलंसुद्धा. (जंगलातलं काही तोडायचं नसतं, हे गेटवरच सांगितलं होतं. असो.)

मागून गाइड ओरडला, ‘‘अवं दादा, हात नोका लावू त्याले! बिबा हाय, उतते तो!’’

दूध उतू जातं तसा बिबा ‘उततो’. आजीच्या तोंडून हा शब्द शंभरदा ऐकला होता, पण अर्थ कळला तो त्या दिवसानंतर. गाइड म्हणाला, आधी हात धुवा. मित्राने टिश्यूने बोटं पुसली आणि त्याच हाताने घाम टिपला. रविवारी काहीच नाही, एकदम फिट. सोमवारी अमरावतीला ऑफिसात पोचला तो डोळे सुजून, गालावर पाण्याचे फोड घेऊन. वॉचमनने आयकार्ड मागितलं म्हणे! त्वचेच्या डॉक्टरांनी गोळ्या-मलम दिलं. चेहरा पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले.

गंमत म्हणजे बिबा आपल्याला अनोळखी नाही. दुकानाच्या दारावर लिंबू-मिरचीसोबत लटकतो तो हाच. धोबी पूर्वी कपड्यांवर निशाणी करायचे ती याच्याच तेलाने. हिवाळ्यात आई डिंकाच्या लाडवात घालते ती गोडंबी म्हणजे याच्याच आतला गर, पण तो काढणारे हात सरावाचे असतात. झाड आंब्या-काजूच्या खानदानातलं. विष असतं ते काळ्या टरफलातल्या तेलात. तेल अंगाला लागल्यावर लगेच कळत नाही, काही तासांनी, कधी दोन दिवसांनी कळतं. म्हणून लागलंय असं वाटताच साबण आणि भरपूर पाणी. खोबरेल वगैरे सगळं त्यानंतर. फोड फोडायचे नाहीत, कपडे वेगळे धुवायचे. आणि कॅम्पफायरच्या मूडमध्ये असाल तर हे लाकूड वा फळ शेकोटीत टाकू नका, त्याचा धूरही बाधतो.

बिब्याची शेजारीण खाजकुइली. हिवाळ्यात तिच्या शेंगांवर सोनेरी-तपकिरी मखमल येते. हात लावला की संपलं, आणि कधी कधी वाऱ्यानेही ती कुसं अंगावर येतात. मग चोळायचं नाही, हा एकच मंत्र. चिकटपट्टी लावून कुसं उपटायची, मग धुवायचं. सॅकमध्ये प्लॅस्टर असतंच ना!

पण खरं सांगू? मला जंगलापेक्षा गावकुसाची भीती जास्त वाटते. त्याला कारण आहे चंद्रज्योत.

अकोल्यात आमच्या शाळेमागे शेताला तिचंच कुंपण होतं. गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून वऱ्हाडात धुऱ्यावर सर्रास लावतात. पुढे २००३च्या सुमारास बायोडिझेलच्या बोलबाल्यात तर तिचा भाव आणखी वधारला. मी चौथीत होते. मधल्या सुटीत चुलतभावाने बिया फोडल्या. चव थेट शेंगदाण्याची. मी दोन खाल्ल्या, त्याने मूठभर. शेवटच्या तासाला तो बाकावरच ओकला आणि मग थांबेचना. ‘‘काऊन खाल्ल्या बे पोट्टेहो?’’ विचारत काकांनी त्याला स्कूटरवर घातलं. रात्रभर सलाइन. मला थोडक्यात निभावलं, पण घरातले मोठे दबक्या आवाजात बोलतात तेव्हा काय चाललेलं असतं, हे त्या रात्री कळलं. अजूनही शाळेतल्या मुलांना या बियांमुळे दवाखान्यात न्यावं लागल्याच्या बातम्या येतात, आणि प्रत्येक वेळी मला तो बाक दिसतो.

बाकीची मंडळी तुमच्या ओळखीचीच. लाल-काळी गुंज चावून खाल्ली तर जिवावर बेतू शकते, आणि आपण तिच्या माळा घालतो. हायवेच्या दुभाजकावरची कण्हेर आणि पिवळी बिट्टी हृदयावर घाला घालतात. धोतऱ्याने भ्रम होतो. पावसाळ्यात चिखलदऱ्याकडे जाल तर ज्वाळेसारखी फुललेली कळलावी दिसेल. फोटो जरूर काढा, कंद उकरू नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा भरपूर पाण्याने धूत राहा आणि गाठा डॉक्टर.

कुणी काही खाल्लंच, तर मीठपाणी पाजून उलटी काढायचा घरगुती पराक्रम नको. पान, बी, जे हाती लागेल ते पिशवीत घालून पेशंटबरोबर न्या. त्यावरून डॉक्टरांना कळतं नेमकं काय पोटात गेलंय. अँब्युलन्ससाठी १०८ आहेच. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर चोवीस तास सल्ला देतं. फक्त मेळघाटात रेंज जाते, तेव्हा नंबर आधीच सेव्ह करा आणि परतवाड्यात किंवा अकोटात दवाखाना कुठे आहे ते जाताना बघून ठेवा.

मित्राने परवा नवी गाडी घेतली. आईने शोरूममधून बाहेर काढायच्या आधीच बंपरला लिंबू-मिरची-बिबा बांधला. आता हा दर रविवारी गाडी धुतो, तेवढा अर्धा फूट सोडून.