बाटलीवरचं फूल

आईच्या फ्रिजच्या दारात परवा एक इवलीशी बाटली सापडली. शेजारच्या कुणीतरी अमरकंटकहून आणून दिलेला गुलबकावलीचा अर्क. मोतीबिंदूवर रामबाण म्हणे. मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही, हे डॉक्टरांनी आईला सांगितलंय, मीही सांगितलंय. तिनं दोघांचं नीट ऐकून घेतलं आणि बाटली जपून ठेवली. मला मात्र वरच्या चित्रानं धरून ठेवलं. छपाई भडक, हिरवा रंग रेघेबाहेर सांडलेला. तरी ती फुलपाखरासारखी पसरलेली पांढरी पाकळी लपेना. अगं बाई, हा तर आपला सोनटक्का!

बाबा भिलाईच्या कारखान्यात लागले तेव्हा आईनं रोह्याहून येताना लुगड्याच्या फडक्यात बांधून सोनटक्क्याचे दोन गड्डे आणले होते. क्वार्टरमागं मोरीचं पाणी बाहेर पडतं तिथं तिनं ते लावले. मे महिन्यात पारा ४५ला टेकला की पानं कडेनं करपायची, आई तांदळाचं धुवण ओतत राहायची. हळदीच्या पानासारखं पान, आल्याच्या कुळातलं झाड. पायाशी ओल नसली तर रुसतं. पण श्रावण लागला की दिवेलागणीला एकेक कळी सुटायची. कारखान्यात स्लॅग ओतली की अख्ख्या सेक्टरवरचं आभाळ तांबूस व्हायचं आणि ती पांढरी फुलं क्षणभर केशरी दिसायची. कोक ओव्हनचा वास आणि सोनटक्क्याचा वास एकाच वाऱ्यावर यायचे. आजही कुठं डांबर उकळत असलं तर मला उगाच वेणी आठवते. भिंतीपलीकडच्या बंगाली काकीमा त्याला दोलनचांपा म्हणायच्या आणि आमचं नाव चुकीचं आहे असं त्यांचं ठाम मत होतं. पलीकडचे पंडितजी काहीच म्हणत नसत, पहाटे उठून फुलं तोडून न्यायचे. आई चिडायची, पण गौरींच्या दिवसांपुरतीच. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, गड्डे फ्लॅटच्या बाल्कनीत आले. पानं येतात. फूल नाही.

शेवटी भाद्रपदात मी पेंड्रा रोडला उतरून अमरकंटकला गेलेच. मैकलच्या माथ्यावर, हजार मीटरहून उंच, सालवृक्षांच्या सावलीत जमीन पाणी धरून बसलेली. ‘माई की बगिया’त, दलदलीच्या कडेला तो उभा होता, क्वार्टरमागच्यापेक्षा सडपातळ. त्याचं मूळ माहेर पूर्व हिमालयाकडचं मानतात. तरी इथल्या कथेत तो केव्हाचा रुजलाय: जो गुलबकावली आणील त्याला मुलगी देईन, असा मैकलराजाचा पण होता. शोणभद्रानं फूल आणलं. नर्मदेनं त्याला पाहून यायला दासी जोहिलेला आपले कपडे-दागिने घालून पाठवलं, आणि हा तिलाच नर्मदा समजला. नर्मदा रागानं पश्चिमेला निघाली ती कायमची, शोण पूर्वेला. एवढं दुर्मीळ फूल शोधून काढणाऱ्याला समोरचं माणूस ओळखता येऊ नये, याचं मला त्या डोंगरावर फार हसू आलं.

क्यूबाचं हे राष्ट्रीय फूल आहे. ब्राझीलमध्ये आणि हवाई बेटांवर ते ओढ्याकाठी इतकं माजलंय की उपटून काढावं लागतं. आणि इथं, मध्य भारतात, संकटात सापडलेल्या औषधी वनस्पतींत त्याचं नाव घेतात. कारणं साधी आहेत. अर्कासाठी फुलं खुडतात, औषधासाठी गड्डाच उपसतात. बॉक्साइटच्या खाणींनी माथा खरवडला. पाणी धरणारा थर तोच होता. २००५ साली अचानकमार-अमरकंटक जीवावरण क्षेत्र जाहीर झालं. पण सोनटक्क्याला कागदापेक्षा चिखल लागतो. साल वाचवा म्हणणारे पुष्कळ भेटले. पाणथळ वाचवा म्हणणारं कुणी दिसलं नाही. चिखलाचा फोटो चांगला येत नाही, त्याला कोण काय करणार.

देवळाबाहेर एका पोरानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला गड्डा पुढं केला. मुळांना माती ओलीच होती.

“आमच्या घरी कुंडीत आहे रे हा,” मी हिंदीत म्हणाले.

“बगीचेवाले में असर नहीं होता, दीदी,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “पहाड़वाला चाहिए.”

मी घेतला नाही. वाटेत दोनदा वाटलं, घ्यायला हवा होता. बाल्कनीत फुललाही असता. मग आपलीच लाज वाटली.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं, बाटलीवरचं चित्रही दाखवलं. तिनं चष्मा वर सरकवला, झाकण काढलं, बाटली नाकाशी धरली.

“वास नाहीये गं याला,” म्हणाली, आणि परत फ्रिजच्या दारात ठेवून दिली.