सतरा अंकांची एक संख्या

तोंडवलीच्या किनाऱ्यावर समुद्र आणि खाडी यांच्यामध्यें पसरलेली वाळू पाहून, हे कण कोण मोजील, असें कोणाहि मुलाच्या मनांत येतें. ते मोजणें एका परमेश्वराच्या हातीं. परंतु मोठ्या संख्येस नांव देण्याची बुद्धि त्यानें मनुष्यास दिली आहे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचिलेल्या 'लीलावती' ग्रंथांत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानें सांगितलीं आहेत. त्यांतील पंधरावें 'जलधि', म्हणजे समुद्र, व सतरावें 'मध्य'. त्या सतराव्या स्थानापर्यंत पोंचणारी एक संख्या आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों : १२३४५६७८९८७६५४३२१.

डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती एकच. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. तसाच नऊ एकांच्या संख्येचा हा वर्ग. यांत जादू नाहीं. गुणाकार पाटीवर मांडला म्हणजे नऊ ओळी होतात व प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकते. त्यामुळें उभ्या रकान्यांतील एकांची गणती नऊपर्यंत चढते व पुन्हा उतरते. हातचा कोठेंच येत नाहीं. दहा एक घेतले कीं मधल्या रकान्याची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि ती शोभा मोडते.

अशा संख्यांस 'डेम्लो संख्या' हें नांव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं दिलें. ही कल्पना त्यांना ज्या रेल्वेस्थानकावर सुचली त्याच्या नांवावरून. जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेनें निःशेष भागली जाते तिला त्यांनीं 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, म्हटलें. आमच्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. नऊ एकांच्या संख्येस ९ नें भाग जातो, म्हणून तिच्या वर्गास ८१ नें जातो. अर्थात् ती हर्षद ठरते. उलट १२१ च्या अंकांची बेरीज ४, आणि ४ नें भागितां बाकी १ उरते. बाहेरून सारख्याच शोभणाऱ्या या नऊ वर्गांपैकीं १, १२३२१ आणि ही मोठी संख्या, एवढ्या तीनच या कसोटीस उतरतात.

कापरेकर हे देवळालीच्या शाळेंतील शिक्षक. १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनीं मुलें शिकविलीं. त्यांच्या शोधांस कित्येक विद्वान् क्षुल्लक समजत. १९७५ मध्यें मार्टिन गार्डनर यांनीं अमेरिकेंतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां त्यांचें नांव जगभर झालें. परंतु तोंवर त्यांनीं आपला छंद क्षणभरहि टाकिला नव्हता.

"आमच्या मुलाला गणित जमावयाचें नाहीं," असें कित्येक पालक मुलादेखत बोलतात. तें वाक्य मूल विसरत नाहीं. पालकांस आमची विनंति इतकीच, कीं निकाल देण्यापूर्वीं मुलाजवळ पाटी घेऊन बसावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, या सुटींत सात एकांचा वर्ग स्वतः मांडा, त्यास ४९ नें भागा, व बाकी कां उरते तें घरच्यांस समजावून सांगा.