उधारीची खूण

काकांच्या किराणा दुकानातील उधारीची वही मी मोठ्या हौसेने मोबाइलवर आणली. तीनशे नावे, पैसे आले की नावापुढे खूण करायची. पहिल्याच दिवशी काकांनी एका गिऱ्हाइकापुढे खूण केली, यादी वर सरकवली, तो खाली एका म्हातारीच्या नावापुढेही तीच खूण! "अरे, हिनं कुठे पैसे दिलेत?" उलट झाले असते तर? दिलेले पैसे तिच्याकडे चारचौघांत पुन्हा मागितले गेले असते.

अँड्रॉइडचा रिसायकलरव्ह्यू तीनशे ओळी बनवीतच नाही. पडद्यावर मावतील त्याहून थोड्याच अधिक बनवितो आणि वर गेलेली ओळ खाली नव्या नावासाठी पुन्हा वापरतो. मी नाव बदलत होतो, पण खूण तशीच राहत होती. कारण ती मी माहितीच्या साठ्यात नोंदलीच नव्हती, नुसती ओळीवर ठेवली होती. साठा म्हणजे मॉडेल वेगळे, त्याचे पडद्यावरील दर्शन वेगळे, ही मांडणी नॉर्वेच्या ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ साली झेरॉक्स पार्कमध्ये केली. परीक्षेत हे लिहून मी गुणही मिळविले होते!

आता खूण आधी साठ्यात जाते. मग अडॅप्टरला 'अमुक ओळ बदलली' असे कळवितो आणि तो तेवढीच ओळ नव्याने भरतो. काका मात्र अजून रोज रात्री वहीशी ताडून पाहतात. मी काही बोलत नाही.