शास्त्री, परूशी आणि मगनवाडीचे काका

१९७२ साली कॉलेजच्या हस्तलिखितासाठी मी एक लेख लिहिला. नाव होतं ‘आमच्या घरातला परूशी’. परूशी म्हणजे माझे आजोबा.

१९२८ साली जमनालाल बजाजांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य म्हणवल्या जाणाऱ्यांना खुलं केलं. तेव्हा आजोबा तिशीत होते. त्या दिवसापासून त्यांनी त्या देवळाची पायरी चढली नाही. चव्वेचाळीस वर्षं घरातल्या देवघरापुढेच बसले. मला याची लाज वाटायची आणि शब्द सापडत नव्हता. तो मराठी बायबलात सापडला.

मराठी बायबलात येशूच्या विरोधकांची जोडी ठरलेली आहे, शास्त्री आणि परूशी. परूशी म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुद्यांचा पंथ. यहुद्यांच्या नियमशास्त्राच्या जाणकारांना भाषांतरकारांनी ‘शास्त्री’ केलं, आणि तेवढ्यानं मराठी वाचकाला यरुशलेमात पैठण दिसू लागलं. ज्ञानदेवांकडे शुद्धिपत्र मागणारे, तुकोबांच्या वह्या बुडवायला लावणारे आणि येशूच्या जिवावर उठलेले सगळे एका पंगतीला बसले. मी त्या पंगतीच्या शेवटी आजोबांचं पान मांडलं होतं.

आजोबांनी लेखाची प्रत वाचली. बोलले काहीच नाहीत. चार ठिकाणचे ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईनं सुधारून कागद माझ्या उशाशी ठेवून गेले.

काकांनीही तो वाचला. काका नगरकडचे ख्रिस्ती. १९३८ साली, विशीत असताना, ते मगनवाडीत आले. जे. सी. कुमारप्पा तिथे ग्रामोद्योग संघाचं काम चालवत होते. काकांना घाणीवर घातलं आणि ते तिथलेच झाले. मी त्यांच्याकडे जवसाचं तेल आणायला जायचो, ढेपेच्या वासात गप्पा मारत बसायचो. त्यांच्या घरचं बायबलही मीच मागून आणलं होतं.

“लेख चांगला लिहिलास,” ते म्हणाले. “पण परूशी हा शब्द तुला कुणी दिला?”

“तुमच्या बायबलानं.”

“मग नीट वाच. येशू त्यांच्याशी भांडला तो त्यांच्यातलाच म्हणून. सभास्थानात शिकवणारा, शब्बाथाला तिथे जाणारा यहूदी होता तो. घरातलं भांडण होतं ते. आम्ही पुढं ते घराबाहेर उभं राहून वाचलं, आणि त्या घरावर दगड मारले.”

मी हट्टानं म्हणालो, “म्हणजे आजोबांचं बरोबर होतं?”

“चूक होतं. अगदी चूक. पण ते तुला त्यांच्यासमोर बसून सांगायचंय. वर्ध्याला हसवून नाही.”

त्यांनी बायबल पुन्हा माझ्या हातात दिलं. या वेळी पेन्सिलीनं खुणा केलेल्या होत्या. त्या खुणांचं ऋण मी आजवर वाहतो आहे. रात्री येशूकडे येणारा निकदेम परूशीच होता, आणि शेवटी त्याला पुरताना गंधरस घेऊन आलेलाही तोच. सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं विचारणारा शास्त्री होता. त्याला येशूनं सांगितलं की तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. प्रेषितांना न्यायसभेपुढे उभं केलं तेव्हा त्यांना सोडा म्हणणारा गमलिएल परूशी होता: हे काम माणसांचं असेल तर आपोआप मोडेल, देवाचं असेल तर तुमच्यानं मोडवणार नाही, असं त्याचं म्हणणं. प्रेषितांना धरणारी माणसं होती मुख्य याजकाची, सदूकी पंथाची. आणि मुख्य याजक कोण व्हायचा ते रोमचे सुभेदार ठरवत. कयफा साधारण अठरा वर्षं त्या गादीवर टिकला, तो काय नुसत्या धर्मज्ञानावर? वधस्तंभ ही शिक्षाही रोमचीच, आणि निकाल रोमच्या सुभेदाराचा, पिलाताचा.

मात्र काकांनी मला सोपी सुटका दिली नाही. परूशी आणि येशूचे लोक यांच्यातला ताण खराच होता. स्तेफनाला दगडमार झाली तेव्हा मारणाऱ्यांचे कपडे राखत उभा असलेला शौल म्हणजेच पुढचा पौल, आणि तो गमलिएलाच्याच हाताखाली शिकलेला. पुढे मी आपणहून वाचत गेलो, तेव्हा योसेफसच्या इतिहासात याकोबाची हकिकत भेटली. इ. स. ६२ मध्ये एका मुख्य याजकानं येशूच्या या भावाला दगडमार करवली. त्यावर नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांनीच वर तक्रार केली आणि त्या याजकाचं पद गेलं. ते लोक परूशी असावेत असं बहुतेक अभ्यासकांना वाटतं. हे वाचून मी पळत मगनवाडीला गेलो होतो. काका घाणीतली लाट पुसत होते. ऐकून नुसते हसले.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर जाळलं, याजकांचा आधारच गेला. उरले दोन वारस: यव्नेला जमून शास्त्र सांभाळणारे रब्बी आणि येशूला ख्रिस्त मानणारी मंडळी. वाटणीच्या वेळी भाऊ जसे बोलतात तसे ते एकमेकांविषयी बोलले, आणि शुभवर्तमानातला बराचसा कडूपणा त्या काळात मुरला. दोन्ही भाऊ दुबळे होते तोवर ते शब्दच होते. एका भावाच्या हाती साम्राज्य आलं, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातलं रक्ताविषयीचं एक वाक्य शेकडो वर्षं यहुद्यांच्या वस्त्या पेटवायला पुरलं. कॅथलिक चर्चनं येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या यहुद्यांवर ठेवता येत नाही असं जाहीर केलं ते १९६५ साली.

काका म्हणत, आपल्याकडे हे असं नव्हतं. कुलाब्याकडून घाणी शिकायला आलेल्या एका मुलानं त्यांना शनवार तेल्यांचं सांगितलं होतं. शनिवारी घाणी बंद ठेवणारे तेली म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले यहूदी. जॉन विल्सन या मिशनऱ्यानं त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. त्यांनी हिब्रू आनंदानं घेतली, ख्रिस्ती मात्र जवळजवळ कुणी झालं नाही. त्यावरून कुणी त्यांची घरं जाळली नाहीत. घाणीवरच्या माणसाला हे सांगताना फार आनंद व्हायचा.

एका रविवारी ते मला सेवाग्रामला घेऊन गेले. बापूकुटीच्या मातीच्या भिंतीपाशी उभे राहून म्हणाले, १९४२ साली पत्रकार लुई फिशर इथे आठवडाभर राहिला तेव्हा भिंतीवर एकच चित्र होतं, येशूचं. फिशर यहूदी. त्यानं विचारलं, तेव्हा बापू म्हणाले की मी ख्रिस्तीही आहे, हिंदूही, मुसलमानही आणि यहूदीही. चार वर्षं आधी, हे गाव शेगाव असताना, बापूंनी इथूनच ‘हरिजन’मध्ये लिहिलं होतं की यहूदी हे ख्रिस्ती जगाचे अस्पृश्य आहेत. तोच शब्द, आजोबांच्या देवळाच्या पायरीवरचा. मी काकांकडे पाहिलं, ते जमिनीकडे पाहत होते.

त्याच लेखात बापूंनी जर्मनीतल्या यहुद्यांना सत्याग्रह सुचवला होता. तिथला छळ त्यांना पुरता कळला नव्हता असं मला वाटतं, आणि हे म्हणताना जीव दुखतो. त्यावर यहूदी तत्त्वज्ञ मार्टिन बूबरनं फेब्रुवारी १९३९ मध्ये यरुशलेमहून त्यांना पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो की मी येशूला खिळणाऱ्यांत नसतो, पण त्याच्या अनुयायांतही नसतो. दोन हजार वर्षांचं भांडण एवढ्या सभ्यपणे कुणी मांडलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. हे पत्र माझ्या हाती आलं तेव्हा काका जाऊन सहा वर्षं झाली होती.

कुमारप्पांचं येशूवरचं पुस्तक, जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेलं, काकांच्या फळीवर असायचं. ते एवढंच म्हणत: “कुमारप्पाजींनी परूशी शोधला तो आपल्याच चर्चमध्ये. तेवढाच शोधायचा हक्क असतो माणसाला.”

त्या लेखानंतरच्या उन्हाळ्यात आजोबा अंथरुणाला खिळले होते. मी देवळाचा विषय त्यांच्यासमोर काढला. त्यांनी मान्य केलं नाही, मीही मागे घेतलं नाही. भांडलो आम्ही, दोन-तीन दुपारी. मग एकदा त्यांनीच विचारलं, तुझ्या त्या पुस्तकात परूशांचं अजून काय लिहिलंय. मी काकांची खूण उघडली. लूकच्या शुभवर्तमानात काही परूशी येशूकडे येतात आणि सांगतात, इथून निघून जा, हेरोद तुला मारायला बघतोय.

आजोबा बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

“नावं दिलीत का त्यांची?”

“नाहीत.”

“नसतीलच,” ते म्हणाले, आणि कुशीवर वळले.